मशीन येणार आहे

मेटल डिटेक्टर हे जमिनीत दडलेला धातू शोधण्याचे यंत्र आहे. त्याच्या तीन अवस्था आढळतात: येणारे यंत्र, आलेले यंत्र आणि माळ्यावर गेलेले यंत्र. यांतली पहिली अवस्था सर्वांत लांबते आणि सर्वांत फळते. डिटेक्टरने आजवर मिळवून दिलेले बरेचसे सोने याच काळात मिळालेले आहे. येणाऱ्या यंत्राला खिळा आणि मोहर यांतला फरक बिनचूक कळतो. त्याची बॅटरी उतरत नाही. चार हात खोल पुरलेला हंडा ते आतल्या नाण्यांच्या संख्येसकट सांगते. आलेले यंत्र यातले काहीच करत नाही, त्यामुळे ते आले की आठवड्याभरात पुढच्या यंत्राची चौकशी सुरू होते.

या प्रतीक्षेचा नमुना म्हणून देवास जिल्ह्यातले खातेगाव घेता येईल. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या महामार्गावर कन्नोद मागे टाकले की खातेगाव लागते आणि तिथून थोड्याच अंतरावर नेमावरला नर्मदा. मुलूख काळ्या मातीचा; पिके सोयाबीन, गहू, हरभरा. धार आणि देवासला पवारांच्या गाद्या होत्या, तर हा नर्मदाकाठ होळकरांकडे. संस्थानी काळात नेमावर हा इंदूर राज्याचा जिल्हाच होता. सोन्याची खाण मात्र इथे नाही आणि होण्याचा संभवही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखींनी बेसाल्टचे जे थर अंथरले ते सोन्याच्या बाबतीत फारच कंजूष निघाले. आपल्याकडचे खाणीतले सोने त्याहून कितीतरी जुन्या खडकांतले, कर्नाटकात कोलारला आणि हट्टीला सापडलेले. त्यातली कोलारची खाण २००१ साली बंदही झाली. तेव्हा खातेगावच्या शिवारात यंत्र फिरवणाऱ्याला निसर्गाने ठेवलेले सोने मिळणार नाही, कोणा माणसाने ठेवलेलेच शोधावे लागणार. तो माणूस कोण, हे ठरवण्यात प्रतीक्षेचा पहिला टप्पा खर्ची पडतो.

सर्वाधिक मते पेंढाऱ्यांना पडतात, आणि इतिहास पाहता ते अगदीच गैर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांचा मोठा सरदार चितू याचा तळ याच टापूत, नेमावर आणि सतवासच्या आसपास होता. पावसाळा सरून नद्यांना उतार झाला की त्याचे स्वार बाहेर पडत आणि लुटीने लादून परतत. लूट आली म्हणजे ती पुरली, असा पुढचा तर्क आहे. वास्तविक स्वारी परतली की छावणीत बाजार भरे, व्यापारी जमत आणि माल हातोहात विकला जाई; सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात पेंढाऱ्यांची ही रीत आली आहे. जमिनीत पुरून ठेवून वीस वर्षे वाट पाहण्याइतका धीर ज्याच्याजवळ आहे, तो पेंढारी कशाला होईल?

चितूचा शेवट तर या विषयाच्या अभ्यासकाने पाठ करावा असा आहे. इंग्रजांनी १८१७-१८ मध्ये पेंढाऱ्यांचा पाडाव केला. चितू रानोमाळ पळत राहिला आणि १८१९ साली जंगलात त्याला वाघाने खाल्ले. त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिरात सुमारे अडीचशे रुपये, काही शिक्क्यांच्या अंगठ्या आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची पत्रे निघाली. त्या पत्रांत पुढे द्यायच्या बक्षिसांची वचने होती. ज्याच्या नावाने नर्मदेच्या दोन्ही काठांवर लोक घरे सोडून पळत, त्याच्याजवळ अखेर रोकड थोडी आणि येणाऱ्या धनाचे वायदेच अधिक होते. इतिहासकार यावरून पेंढाऱ्यांची आर्थिक स्थिती खालावल्याचे अनुमान काढतो. यंत्राची वाट पाहणारा वेगळे अनुमान काढतो: अडीचशेच सापडले, म्हणजे बाकीचे इथेच कुठेतरी आहे.

पेंढाऱ्यांच्या खालोखाल मते मोगलांना पडतात, आणि २०२५ च्या मार्च महिन्यात मोगलांनी मोठीच आघाडी घेतली. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा चित्रपट फेब्रुवारीत लागला. मराठ्यांनी १६८१ साली बुऱ्हाणपूर लुटले, ही घटना त्यात आहे. बुऱ्हाणपूर ही मोगलांची श्रीमंत पेठ, तिथे टांकसाळही होती. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी इतिहासातून नेमका उपयुक्त तेवढा भाग घेतला. अशीरगडाजवळच्या शेतांत रात्री मोबाइलच्या उजेडात माणसे खणू लागली. कुदळी आल्या, चाळण्या आल्या, मेटल डिटेक्टरही आले. महामार्गाच्या कामात उकरलेली माती शेतांत पसरली गेली होती आणि तीत सोन्याची नाणी असल्याची वदंता होती. अखेर पोलीस आणि प्रशासन आले व खड्डे उरले. मराठ्यांनी शहर लुटून नेले असेल तर तिथे शोधण्यासारखे काय शिल्लक राहणार, हा प्रश्न खणणाऱ्यांच्या मनात आला असल्याची नोंद नाही. बुऱ्हाणपुराहून खातेगाव काही तासांच्या वाटेवर आहे. अफवेला तितकाही वेळ लागत नाही.

यंत्रापूर्वीची साधने थोडक्यात पाहू. मराठी मुलखात पहिले साधन म्हणजे पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, असा समज होता. या साधनाला बॅटरी लागत नाही, पण एका घरात ते क्वचितच निपजते आणि त्याची सुधारित आवृत्तीही निघत नाही. दुसरे साधन स्वप्न. त्याची ताकद २०१३ च्या ऑक्टोबरात दिसली. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेडा इथे एक हजार टन सोने असल्याचे एका साधूला स्वप्न पडले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे प्रत्यक्ष उत्खनन केले. सोने निघाले नाही. तिसरे साधन मांत्रिक. ते सर्वांत महाग आणि सर्वांत घातक. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या निमित्ताने चालणारे अघोरी प्रकार नाव घेऊन गुन्ह्यांच्या यादीत टाकावे लागले. या पार्श्वभूमीवर शेतात टूं टूं करत फिरणारा माणूस ही समाजाची प्रगतीच मानली पाहिजे.

चौथे साधन पाणी, आणि ते खरोखर चाले. १८५७ नंतर दिल्लीतल्या घरांची पद्धतशीर लूट करणारे इंग्रजांचे ‘प्राइझ एजंट’ जमिनीवर पाणी ओतत. जिथे ते चटकन मुरे तिथली माती अलीकडे उकरलेली, म्हणून तिथे खणत. स्वस्त, बिनआवाजी आणि बहुधा आजच्या कोणत्याही यंत्रापेक्षा यशस्वी. अट एकच: धन नुकते पुरलेले असावे आणि पुरणारा पळालेला असावा.

विजेवर चालणारे यंत्र १८८१ साली अवतरले, आणि पहिल्याच मोठ्या कामात फसले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना त्या वर्षी जुलैत गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले नवे यंत्र घेऊन हजर झाले. यंत्र ठीक होते. पण राष्ट्राध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टर उजव्या बाजूखेरीज दुसरीकडे शोधू देईनात. गोळी डावीकडे होती. गारफिल्ड सप्टेंबरात वारले. भलत्या जागी शोधायचे, भलत्याच धातूचा आवाज ऐकायचा आणि शेजारी उभे राहून ‘इथेच बघा’ म्हणणारा एक जाणकार असायचा, ही या छंदाची सगळी लक्षणे पहिल्याच प्रयोगात पुरी झाली होती. पुढे गेरहार्ड फिशर यांनी १९३७ साली अमेरिकेत हातात धरून फिरवण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक बनवला; १९४२ साली अल अलामेनच्या लढाईत असे पाचशे वापरले गेले आणि सुरुंग साफ करण्याचा वेग दुप्पट झाला. कोसात्स्कींनी पेटंट घेतले नाही. युद्ध संपल्यावर उरलेले सुरुंगशोधक बाजारात आले आणि जीव वाचवण्याचे यंत्र नाणी हुडकण्याच्या कामाला लागले.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दांड्याच्या टोकाला एक चकती, तिच्यात तारेची वेटोळी; तिला ‘कॉइल’ म्हणतात. तिच्यातून बदलता प्रवाह गेला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की धातूतही प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र परत चकतीपर्यंत पोचते. ते पोचायला किती उशीर झाला यावरून धातू कोणता याचा अंदाज यंत्र बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. इथपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध आहे. अडचण अशी की सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद यांचा आकडा जवळपास सारखाच येतो. म्हणून ज्याला सोने हवे त्याला औषधाच्या गोळ्यांची प्रत्येक रिकामी पट्टी खणावी लागते, आणि ज्याने पट्ट्या खणायच्या नाहीत असे ठरवले त्याच्या पायाखालून सोने जाते. विज्ञानाने मोहाची इतकी न्याय्य वाटणी दुसरीकडे क्वचितच केली असेल.

त्यात खातेगावची माती. काळी माती बेसाल्टच्या झिजेतून होते आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय खनिज असते. साध्या यंत्राला अशी माती म्हणजे सगळीकडे थोडे थोडे लोखंड. ते शेताच्या बांधावरच कुरकुर सुरू करते आणि घरी परतेपर्यंत थांबत नाही. ‘पल्स इंडक्शन’ जातीची यंत्रे मातीची ही कुरकुर बरीचशी मागे टाकतात आणि खोलवरही पाहतात. फक्त त्यांना लोखंड आणि सोने यांतला भेद नीट कळत नाही. थोडक्यात, ज्याला भेद कळतो त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला भेद कळत नाही. येणारे यंत्र ही दोन्ही कामे करणार असते.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती तडकते. भेगा हातभर, कधी त्याहून खोल जातात. वरची माती, खडे, हरवलेले जोडवे, सगळे त्या भेगांत पडते. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि आतले थर वर रेटले जातात. नांगर न लावता ही जमीन स्वतःला उलथत असते. पुरलेले धन जागेवर राहत नाही, नागाच्या राखणीत मुहूर्त पाहून ते सरकते, अशी जुन्या लोकांची श्रद्धा होती. मृदाशास्त्रज्ञ नागाचा आणि मुहूर्ताचा भाग वगळून ती निम्मी तरी मान्य करतील.

आता मुख्य विषय, म्हणजे नवे यंत्र येण्याची वाट. याची सुरुवात कंपनी करते. आधी अंधारात यंत्राची नुसती कड दाखवतात. मग नाव जाहीर होते, आणि ते नाव धातूशी संबंधित असता कामा नये असा संकेत दिसतो. मिनलॅब ही ऑस्ट्रेलियन कंपनी १९८५ साली ॲडलेडला सुरू झाली. तिच्या एका यंत्राचे नाव ‘इक्विनॉक्स’, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, दुसऱ्याचे ‘मँटिकोर’. हे मँटिकोर एक नरभक्षक जनावर असून ते हिंदुस्थानात राहते, असे इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी लिहून ठेवले. पुढे पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने, हे जनावर म्हणजे साधा वाघच असावा, असा खुलासा केला. चितूला खाल्लेल्या जनावराच्याच नावाचे यंत्र चितूचे धन शोधायला यावे, हा योगायोग कंपनीला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मग किंमत जाहीर होते. याच कंपनीचे ‘जीपीएक्स ६०००’ हे खास सोन्यासाठीचे यंत्र २०२१ साली आले तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सहा हजार डॉलरच्या घरात होती, म्हणजे २०२५ च्या विनिमय दराने पाच लाखांच्या आसपास रुपये. बाहेरून मागवण्याचा खर्च निराळा. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लाखाची पायरी ओलांडली. त्या भावाने पाच लाखांचे सरळ पाच तोळे येतात. ते इंदूरच्या सराफ्यात दिवसाढवळ्या, हॉलमार्कसह, पावती करून मिळतात आणि उकरावे लागत नाहीत. हा हिशेब वाट पाहणाऱ्याला सांगून उपयोग नसतो. विकत घेतलेल्या सोन्यात ‘सापडले’ हा जिन्नस नसतो आणि छंदाची सगळी किंमत त्याचीच आहे.

किंमत कळल्यावर भागीदारी जमते. यंत्राचे पैसे एकाचे, शेत दुसऱ्याचे, मोटारसायकल तिसऱ्याची आणि पेंढाऱ्यांच्या वाटांची माहिती चौथ्याच्या आजोबांची. वाटणीची बोलणी ओट्यावर बसून होतात आणि ती यंत्र येण्याच्या कितीतरी आधी मोडतात. शेतवाल्याला निम्मे हवे असते. आजोबांच्या नातवाचे म्हणणे असते की माहितीशिवाय यंत्र म्हणजे नुसती काठी. या टप्प्यावर एखादा व्यवहारी काका विचारतो, “अरे, सापडलंय काय ते तरी दाखवा,” आणि त्याला भविष्यात काही द्यायचे नाही असे सर्वानुमते ठरते. न सापडलेल्या धनावरून आलेला अबोला खरा असतो आणि बराच काळ टिकतो.

एवढ्यात कोणीतरी स्वस्त पर्याय आणतो: मुठीत धरायच्या दोन कांड्या, वर ॲन्टेना, आणि दावा किलोमीटरभर अंतरावरचे सोने दाखवण्याचा. नाण्याएवढी वस्तू चांगल्या यंत्रालाही साधारण वीतभर, फार तर हातभर खोलीवर लागते; किलोमीटर हे अंतर या शास्त्रात नाही. अशाच जातीचे ‘एडीई ६५१’ नावाचे उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला हजारो डॉलरना विकले गेले. मुळात ते गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून केलेले होते आणि आत काहीच नव्हते. ते विकणाऱ्या ब्रिटिश गृहस्थाला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा उपकरणाने सोने सापडत नाही, पण कुरकुरही होत नाही, आणि मातीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, हे त्याचे गुण नोंदवले पाहिजेत.

खरे यंत्र येते ते चुकीच्या ऋतूत. सोयाबीन जूनमध्ये पेरले जाते, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, लगेच गहू-हरभरा, तो मार्च-एप्रिलमध्ये घरात येतो. शेते मोकळी असतात ती उन्हाळ्यात, आणि तेव्हा दुपारी काळ्या रानात उभे राहणे हे प्रायश्चित्ताच्या सदरात येते. तरीही यंत्र फिरते. निघणाऱ्या वस्तूंचा क्रम ठरलेला असावा असा संशय येतो: बैलाच्या नालेचा तुकडा, तिचे खिळे, ट्रॅक्टरचा नट, थंड पेयाच्या बाटलीचे झाकण, विळ्याचे पाते. फार भाग्य असेल तर व्हिक्टोरिया राणीचा एखादा कलदार रुपया. कृषी अवजारांच्या इतिहासाला हा संग्रह मोलाचा ठरेल. शेतमालकाला मात्र एक लाभ होतो. रोटाव्हेटरचा जो बोल्ट गेल्या हंगामात हरवला होता तो सापडतो.

या सगळ्या काळात खऱ्या धातुशोधनाचे काम यंत्राशिवाय चालूच असते. नेमावरच्या घाटावर भूतडी अमावास्येला मोठी गर्दी होते, लोक नर्मदेत नाणी वाहतात. नदीकाठची पोरे दोरीला लोहचुंबक बांधून ती वर काढतात. एक-दोन रुपयांची अलीकडची नाणी चुंबकीय स्टेनलेस स्टीलची, म्हणून ती चुंबकाला चिकटतात. पाचाची बहुतेक नाणी निकेल-पितळेची, ती चिकटत नाहीत. त्यामुळे ज्याने थोडे वाहिले त्याचे दान वर येते आणि सढळ हाताने वाहिलेले नर्मदेकडेच राहते. सराफ्यातले काम याहून बारीक. मराठीत ज्यांना झारेकरी आणि माळव्यात न्यारिये म्हणतात ते लोक सोनारांच्या पेढीतला केर, भट्टीची राख, गटारातला गाळ धुऊन त्यातला सोन्याचा कण काढतात. आपल्याकडचा खरा सोनेशोधक हाच. त्याला जागा माहीत असते, तिथे सोने आहे याची खात्री असते आणि तो कशाचीही वाट पाहत नाही. देवास जिल्ह्यात पैसा नेमका कुठे आहे हे तर जगजाहीर आहे. देवास शहरात सरकारची बँक नोट प्रेस आहे. नोटा कागदाच्या असल्याने डिटेक्टर तिथे मुका राहतो, आणि पहारेकऱ्यांनाही तेच बरे वाटत असणार.

मोठे धन कसे सापडते, याची काही उदाहरणे देणे योग्य होईल. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. क्षत्रप राजा नहपानाची नाणी, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला. तेव्हा हातात धरायचा डिटेक्टर बाजारात यायचा होता. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी एकूण साठ किलोंहून जड ब्राँझची चार शिल्पे मिळाली. एक जण झुडपाचे मूळ खणून काढत होता. धारचा प्रसिद्ध लोहस्तंभ, मूळची लांबी सुमारे तेरा मीटर, तीन तुकड्यांत लाट मशिदीपाशी उघड्यावर आहे. तो शोधायला डोळे पुरतात. इंग्लंडमध्ये हॉक्सनला १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन तो शोधायला गेला आणि रोमन काळातली पंधरा हजारांच्या आसपास नाणी व दागिने असलेल्या साठ्यापाशी पोचला. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ऑस्ट्रेलियात १९८० साली एका हौशी माणसाच्या डिटेक्टरला सत्तावीस किलोंचा सोन्याचा गोळा लागला. हे एक उदाहरण नसते तर यंत्रांचे निम्मे कारखाने बंद पडले असते.

सापडल्यानंतर काय करावे, हा भाग वाट पाहणारे सहसा वाचत नाहीत. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली की ज्याला ती सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवले पाहिजे: काय सापडले, अंदाजे किंमत, जागा, तारीख. दहा रुपयांची मर्यादा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे आणि तिला महागाई भत्ता लागू झालेला नाही. खातेगावकराचा जिल्हाधिकारी देवासला बसतो, शंभराहून अधिक किलोमीटरवर. निधी जवळच्या सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा हजर करण्याबद्दल जामीन द्यायचा. कळवले नाही तर वाटा जप्त आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धारला २०२२ साली चिटणीस चौकातले जुने घर पाडताना आठ मजुरांना ८६ सोन्याची नाणी मिळाली. त्यांनी ती आपसात वाटून घेतली, एकाने नाणे विकून जुनी मोटारसायकल आणली, आणि ऑगस्टमध्ये आठही जणांना अटक झाली. इतक्या नाण्यांची इतकी शांततेत वाटणी हा ओट्यावरच्या भागीदारांसाठी आदर्शच. चुकला तो एक अर्ज.

अर्ज केल्यावर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. धन शंभर वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वजाने पुरले, असे सांगणारा कोणी आला तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते आणि वाट पाहण्याचा नवा, बराच लांब टप्पा सुरू होतो. कोणी आले नाही तर निधी बेवारस ठरतो. जमीनमालक हजर असेल आणि दोघांत आधी करार नसेल तर तीन चतुर्थांश ज्याला सापडले त्याला, एक चतुर्थांश मालकाला. शेतवाल्याने मागितलेल्या निम्म्याला कायद्यात आधार नाही. सरकारला निधी स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश जास्त देऊन ते तो घेऊ शकते. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. यंत्र, जादा कॉइल, हेडफोन आणि बॅटऱ्या यांवर झालेला खर्च वाटणीपूर्वी वजा करण्याची तरतूद यांपैकी एकाही कायद्यात नाही.